गोमाबाईंनी सांगितलेलं पत्र

भात झोडायला लागले की मला पुठ्ठ्याचा वास येतो. खरं तर येऊ नये. चिखलोलीला आमच्या इमारतीमागे शेताचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. मालक आणि बिल्डर यांचं कोर्टात काहीतरी चाललंय म्हणून तो वाचला आहे. दिवाळीनंतर तिथे चार माणसं येतात, भात कापतात, खाट आडवी टाकून तिच्यावर पेंढ्या आपटतात. वर गॅलरीत येतो तो पेंढ्याचा वास. पण माझं नाक हट्टी आहे. त्याला उन्हात तापलेला पुठ्ठा, गंजलेल्या टाचण्या आणि कार्बन पेपर यांचाच वास येतो. मग मी गॅलरीचं दार लावून घेते आणि चहा टाकते. दरवर्षी हे होतं, आणि दरवर्षी मी ठरवते की एकदा ते सगळं लिहून टाकायचं. यंदा लिहायला बसले आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, तेही कसंबसं. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर. त्यांच्या मते मुलीच्या आयुष्याला बँकेची नोकरी हे एकच उत्तर होतं. परीक्षा देऊन झाल्या होत्या, निकालाचा पत्ता नव्हता, आणि घरी बसून आईशी माझे खटके उडत होते. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये राहणाऱ्या टेकचंद शेठची बदलापूरला कागद निवडायची शेड होती. अमेरिकेतून रद्दीच्या गाठी जहाजाने यायच्या, शेडमध्ये फुटायच्या आणि निवडलेला कागद लगद्यासाठी पुढे जायचा. गाठींबरोबरचे इंग्रजी कागद वाचायला शेठना कोणीतरी हवं होतं. मी लागले. शेजारी विचारायचे तेव्हा वडील सांगायचे, "इम्पोर्टच्या ऑफिसात आहे." ऑफिस म्हणजे पत्र्याखालचं एक टेबल होतं आणि त्याचा एक पाय विटेवर होता.

बायका बारवी धरणाकडच्या पाड्यांवरून यायच्या. भात घरात येऊन पडलं की दिवाळी ते होळी त्या इथे, मग पुन्हा आपापल्या शेतावर. त्या वर्षी बहुतेक बायका नव्या होत्या, त्यामुळे पहिल्या आठवड्यात काम हलेचना. कागदाला पाय लागला की त्या कागद उचलायच्या, कपाळाला लावायच्या आणि मग ढिगात टाकायच्या. ढीग पुरुषभर उंच, आणि बसायचं त्याच्यावरच. शेठ कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे माई, ऐसे तो अगली दिवाली आ जाएगी." शेवटी बायकांनीच तोड काढली. सकाळी आल्या आल्या ढिगाला एकदा वाकून नमस्कार करायचा, तो संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या पायांना पुरायचा. मीही करायला लागले. आजही मी वर्तमानपत्र ओलांडत नाही.

त्यांच्यात गोमाबाई सगळ्यात जुन्या. चाळिशी ओलांडलेल्या, उभ्या बांध्याच्या, बोलणं कमी. अक्षरओळख नव्हती, पण कागदाची ओळख अशी की मी तोंडात बोट घालावं. कागद कानाजवळ धरून चुरायच्या आणि आवाजावरून सांगायच्या, हा पांढऱ्यात, हा चकचकीतात, ह्याला मेण हाय, काढ तिकडं. त्यांचा मुलगा सुरेश फौजेत होता, कुठेतरी बर्फात. त्याची पत्रं मी वाचून दाखवायची आणि उत्तरं मी लिहायची, हे पहिल्या महिन्यातच ठरून गेलं. त्यांना "ताई", "मॅडम" वगैरे जमायचं नाही. मी त्यांची "बाय".

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "बाय, ह्यो कागद कांद्याच्या सालीवानी वाजतोय. ह्यो कुठं टाकू?"

नाडीने बांधलेलं पुडकं होतं. पातळ कागदावरची पत्रं, साठ-सत्तर तरी असतील, आणि त्यांच्यात खोचलेली हिरव्या पुठ्ठ्याची छोटी डायरी. हॅरल्ड नावाच्या एका अमेरिकन मुलाने दुसऱ्या महायुद्धात आपल्या आईला लिहिलेली पत्रं होती ती. तो बॉम्बफेकी विमानात मागच्या टोकाला बंदूक घेऊन बसायचा. तळ इंग्लंडमध्ये. गाव कुठलं ते लिहायची परवानगी नव्हती, म्हणून पत्रावर नुसतं "इंग्लंडमध्ये कुठेतरी". काही पत्रांत मधेच चौकोनी भोकं होती. बायकांना वाटलं उंदरांनी खाल्ली. मी सांगितलं, सैन्यातला साहेब आधी पत्र वाचतो आणि नको ते शब्द ब्लेडने कापतो. "मेल्याला काय धंदा नाय," एकजण म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यातलं एकेक पत्र मराठीत सांगायला लागले. खरं सांगायचं तर मला त्यात फार मजा यायची. कॉलेजात मी कधी हात वर करून बोलले नव्हते. इथे पंधरा बायका तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खात माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. हॅरल्डचा दोन दिवसांत हरी झाला. त्याला आई आहे, धाकटी बहीण आहे, घरी एक म्हातारा घोडा आहे, इंग्लंडच्या चिखलाला तो कंटाळलाय, त्याला दुधाच्या पावडरचा आणि अंड्याच्या पावडरचा वीट आलाय, हे सगळं आमच्या शेडला पाठ झालं. "आज हरी काय म्हनतो?" असं विचारत बायका डबे सोडायच्या.

डायरी मी नंतर उघडली. अशी वही ठेवायला बंदी आहे, असं त्याने पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं. माझ्या डोक्यात कल्पना आली की एका दिवसाचं पत्र आणि त्याच दिवसाची डायरी जोडीने वाचायची. मला ती फार हुशारीची वाटली. पत्रात होतं, आई, मला सायकल मिळाली, आता जेवणघरापर्यंत चिखल तुडवत जावं लागत नाही. डायरीत होतं, सायकल शेजारच्या खाटेवरच्या मुलाची, त्यांचं विमान परत आलं नाही, दुपारी दोघंजण येऊन त्याची गादी गुंडाळून घेऊन गेले. पत्रात होतं, इथली हवा थंड पण निरोगी आहे. डायरीत होतं, वर उडताना तोंडावरच्या हवेच्या नळीत श्वासाचा बर्फ होतो, तो मुठीने फोडावा लागतो, हातमोजा काढला तर कातडी लोखंडाला चिकटून निघते.

आणि अंडी. पत्रांत अधूनमधून मोठ्या आनंदाने लिहिलेलं असायचं, आई, आज नाश्त्याला ताजी अंडी होती, तुझी आठवण झाली. डायरी वाचल्यावर कळलं की खरी अंडी फक्त लढाईला उडायच्या दिवशी मिळायची. उरलेल्या दिवशी पावडर. पहाटे जेवणघरात अंड्यांचा वास आला की मुलं गप्प होत. कोणाकोणाला ती गिळवायची नाहीत. मी एकेक पत्र काढून अंडी मोजली. त्या आईला सतरा वेळा अंड्यांची खुशखबर गेली होती.

टेकचंद शेठ दारात उभे राहून ऐकत होते. सुट्टी संपली म्हणून ओरडायला आले असावेत. ते म्हणाले, "चिट्ठी में सच कौन लिखता है, बेटी? हमको उधर सिंध से आके बैरक मिली. मिलिटरी की बैरक, बीच में बोरी का पर्दा, दोनों तरफ एक-एक खानदान. मेरे बाप ने उधर अपने दोस्त को लिखा, बहुत बड़ा हवादार मकान मिला है. साईं, हवादार तो था ही." ते हसले, आम्हीही हसलो. मग ते खरंच ओरडले आणि बायका उठल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात सुरेशचं पत्र आलं. निळं अंतर्देशीय, अक्षर शाळकरी, गोल. मी नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. मी खुशाल आहे. इथे आम्हाला बदाम, काजू, चॉकलेट, डब्यातली फळं मिळतात. पाड्यावर कोणी बघितलं नसेल असं खातो. हवा थंड पण चांगली आहे. तब्येत सुधारली आहे.

हे बदाम गोमाबाईंचा अभिमान होते. पाड्यावर, एसटीत, शेडमध्ये, सगळीकडे त्यांनी ते सांगितले होते. माझ्या पोराला सरकार बदाम देतं. त्या दिवशी मात्र त्या हातातली भाकरी तशीच धरून बसल्या.

"बाय, अंडी उडायच्या दिवशीच द्यायचे ना?"

"हो."

"मंग बदाम कवा देत असतील?"

मी म्हटलं, थंडी असते ना तिथे, अंगात ऊब राहावी म्हणून. हे खरंच होतं. पण म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसले. "किती थंडी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आपल्यापेक्षा जास्त. त्यांनी भाकरी फडक्यात गुंडाळली आणि कामाला बसल्या.

मला फार वाईट वाटलं. पोरगा बर्फात गेल्यापासून ती बाई एका गोष्टीवर निवांत होती. मी चार टाळ्यांसाठी ती गोष्ट काढून घेतली होती. हरीचं वाचन मी बंद केलं. बायकांनी दोन दिवस विचारलं, मग सोडून दिलं. तो घरी परतला का, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. डायरी एका दिवशी थांबली होती आणि पुढची पानं कोरी होती. एक म्हणे, घरी गेला असंल, मंग कशाला लिवंल. मला हे पटलं नाही, पण मी तसं बोलले नाही.

पौष लागला. बदलापूरची थंडी तेव्हा चांगलीच बोचायची. सकाळी शेडचा पत्रा दवाने ठिबकायचा, बायका पुठ्ठ्याच्या चिठोऱ्या पेटवून हात शेकायच्या आणि शेठ आगीच्या भीतीने त्या विझवत फिरायचे. अशाच एका दुपारी गोमाबाई माझ्या टेबलाशी आल्या. "सुरेशला लिवायचंय. आज खरं लिवायचं."

आमची पद्धत ठरलेली होती. त्या बोलायच्या, मी हाताशी आलेल्या एखाद्या अमेरिकन कागदाच्या कोऱ्या बाजूवर टिपून घ्यायचे आणि मग निवांत अंतर्देशीयावर चांगल्या भाषेत उतरवायचे. आतापर्यंत त्यांची पत्रंही एका साच्यातली असत. भात चांगलं झालं, तुझा बाप मजेत आहे, काळजी नसावी. त्यातलं भात तेवढं खरं होतं. नवरा दसऱ्यापासून अंथरुणाला होता. खोकला, ताप, आणि आता थुंकीत रक्त. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणल्या होत्या. हे सगळं मला माहीत होतं, कारण दर वेळी त्या सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, ह्ये लिवू नको.

"त्याला खरं लिव म्हनायचं तर आदी मी लिवाया पायजे," त्या म्हणाल्या. मग त्या टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या आणि एका दमात बोलल्या. बापाचं आजारपण सांगितलं, त्याला सुट्टी काढून यायला सांगितलं. फार नाही, चार-पाच ओळी. मी टिपून घेतल्या. त्या म्हणाल्या, "जसं बोलले तसंच लिव हां बाय." मी हो म्हटलं.

बायका कामाला गेल्या. मी अंतर्देशीय पुढ्यात घेतलं, आणि माझ्या डोळ्यासमोर बर्फातला एकटा मुलगा आला. खरं तर तो सुरेश नव्हताच. सुरेशला मी कधी पाहिलंही नव्हतं. तो हॅरल्डच होता, आणि त्याला मी घरचं असं पत्र पाठवू शकत नव्हते. वाटलं, सुट्टी मिळाली नाही तर? हा तिथे बंदूक धरून उभा राहणार की बापाचा विचार करत बसणार? आईची माया आंधळी असते, दोन इयत्ता शिकलेल्या माणसाने तिला आवर घालायला हवा, असंही काहीतरी मनात आलं असेल. बावीस वर्षांची होते, आणि अक्कल पाजळायची हौस दांडगी होती. मी लिहिलं, बाबांना थोडा खोकला आहे, किरकोळ आहे, औषध चालू आहे, जमेल तेव्हा सुट्टी काढ. खाली, आईचे अनेक आशीर्वाद. पत्र पेटीत टाकताना मी स्वतःवर खूश होते. एक चांगलं काम केलं, असंच वाटत होतं.

उत्तर यायला महिना लागला. या महिन्यात गोमाबाई रोज सकाळी शेडमध्ये शिरताना माझ्या टेबलाकडे बघायच्या. सुट्टीचं पत्र आलं का, की तो स्वतःच आला, अशी काहीतरी वाट. मी मान हलवायची. त्यांचा जीव टांगणीला लागला होता आणि तो कशामुळे, ते शेडमध्ये एकट्या मला माहीत होतं. तरी मी बोलले नाही. उत्तर आलं की सगळं आपोआप मिटेल, असं मी मनाला समजावत राहिले.

आलं ते माघात. बायका नेहमीप्रमाणे भोवती बसल्या. मी वाचत गेले आणि त्या ओळीशी येऊन थांबले. गाळता आली असती. पण एकदा केलं ते केलं, दुसऱ्यांदा जीभ वळली नाही. मी वाचलं, "बाबांचा खोकला किरकोळ आहे हे वाचून बरं वाटलं. आलं-तुळशीचा काढा द्यावा. सुट्टी आता घेत नाही, भाताच्या लावणीला येतो."

"किरकोळ?" गोमाबाई म्हणाल्या. "मी रगत बोलले होते."

"मी लिहिलं नाही."

"का?"

"त्याला तिकडे त्रास होईल म्हणून."

त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, एखादा कागद कुठल्या ढिगात टाकायचा ते ठरवताना बघायच्या तसं. "तो माजा पोरगा हाय, बाय," एवढंच म्हणाल्या.

शेठनी मला स्कूटरवर मागे बसवून पोस्टात नेलं आणि आम्ही तार केली. परत आल्यावर मी हॅरल्डचं पुडकं टेबलाच्या खणातून काढलं आणि स्वतःच्या हाताने पांढऱ्या ढिगात टाकलं. डायरीचा हिरवा पुठ्ठा फाडून पुठ्ठ्यांत टाकला. आज वाटतं, ते करायला नको होतं. त्या बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं. पण तेव्हा मला कोणावर तरी राग काढायचा होता.

सुरेश होळीच्या चार दिवस आधी पोचला. बाप जिवंत होता, पण आठवड्यापासून बोलणं बंद झालं होतं आणि ओळख राहिली नव्हती. मुलगा उशाशी बसून हाका मारायचा, म्हातारा पत्र्याकडे बघत राहायचा. होळीनंतर आठवड्याने गेला.

तेरावं झाल्यावर गोमाबाई त्याला घेऊन शेडवर आल्या. पोरगा उंच, तोंडाची कातडी सोलवटलेली, उजव्या हाताची दोन बोटं टोकाशी काळी पडलेली. तो हात तो खिशात घालत होता, पण नमस्कार करताना काढावाच लागला. गोमाबाई म्हणाल्या, "हीच ती बाय. हिनंच तार केली." पुढे काही म्हणाल्या नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी नजर ढिगाकडे वळवली.

"ताई, तुमच्या तारेमुळे बापाचं तोंड तरी दिसलं," तो म्हणाला. "आनि तुमचं अक्षर लय भारी. पत्र आलं की आमी पाचजन वाचायचो."

मी म्हटलं, बसा, चहा घ्या. याशिवाय मी काहीही म्हटलं नाही. चहा प्यायलो आम्ही. तो त्याच संध्याकाळी परत जायला निघाला.

पुढच्या महिन्यात माझा बँकेचा निकाल लागला. शेड सुटली. मग लग्न, बदल्या, निवृत्ती, हे चिखलोलीचं घर. बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा तिकडचे काही पाडे हलले, असं वाचलं. गोमाबाईंचा हलला का, हे विचारायला मी गेले नाही. जायला तासही लागला नसता. त्यांनी मुलाला पुढे कधी सांगितलं का, मला ठाऊक नाही. नसावं. सांगायचं ते त्यांनी त्या दिवशीच गिळलं, आणि ते माझ्यासाठी गिळलं. मला तेवढी माया नको होती. तेव्हाही नको होती, अजूनही पेलत नाही.

तो टिपणाचा कागद माझ्याकडे आहे. पाठीमागे कुठल्यातरी अमेरिकन लाकूड कंपनीचं बिल, पुढे माझं घाईतलं अक्षर. सुरेश, तू आता साठीला आला असशील. तुझ्या आईने तुला पौषातच बोलावलं होतं. ते पत्र मी बदललं, तिने नाही. ती जसं बोलली तसं आज उतरवते आहे:

"सुरेश, तुझा बाप मजेत नाय. दसऱ्यापासनं निजून हाय. रगत पडतंय. दिसभर तुझंच काय काय बोलत असतो, मी हां हां करते. अजून बोलतोय, तवर ये."